रेनकोट कोणाचा?

आज एकच गाणं ऐकायचं आहे. कॅनेडियन कवी-गायक लिओनार्ड कोहेनचं ‘फेमस ब्लू रेनकोट’, १९७१च्या ‘साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट’मधलं. पाचेक मिनिटांचं आहे. चहा करायचा असेल तर आधी करून घ्या. फोन पालथा ठेवा. पंखा घरघरत असेल तर रेग्युलेटर एक घर मागे आणा. गाण्याचे शब्द समोर उघडून बसू नका. कोहेन खालच्या पट्टीत, गातोय की बोलतोय कळू नये असा गातो. इंग्रजी कितीही सरावाचं असलं तरी काही शब्द सुटतील. सुटू देत.

पहिल्या ऐकण्यात एवढंच धरा, की कुणीतरी कुणाला तरी पत्र लिहितंय. शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं आहे आणि ते जागं होऊ नये, अशा बेताने हा माणूस बोलतोय. चाल तीन-तीनच्या झोक्याची, अगदी पाळण्याची. सांगतोय ते मात्र पाळण्याशी बसून सांगण्यासारखं नाही.

संपलं? लगेच दुसरं लावू नका. चहा निवला असेल तर निवू द्या.

आता हळूच स्वतःला विचारा, या पत्रात माणसं किती? लिहिणारा एक. त्याच्या घरातली बाई, दोन. आणि ज्याला पत्र लिहिलंय तो, तीन. हा तिसरा कधीतरी त्या दोघांमध्ये येऊन गेलेला आहे. त्याच्या अंगात एक निळा रेनकोट होता, खांद्यावर फाटलेला. लिहिणारा त्याला दूषण देत नाही, पूर्ण माफही करत नाही. एका जागी तर चक्क आभार मानतो. आणि पत्राच्या शेवटी सही येते, ती गायकाच्या स्वतःच्या आडनावाची.

आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा कुणा एकाच्या घरी गाणी ऐकायला जमतो. कोहेन निघाला की ऐकणं अर्धा तास आणि वाद अडीच तास. या सहीवरून आमच्यात किती पोहे गार झाले असतील, मोजदाद नाही. एकाचं म्हणणं, हे सरळ त्याच्या आयुष्यात घडलेलं आहे, नाहीतर माणूस स्वतःची सही कशाला करील? दुसरीचं म्हणणं, सही केली तीच मुळी चकवा द्यायला. तिसरा बँकेतून निवृत्त झालेला. तो गाण्याचाही ताळेबंद मांडतो. त्याने शोधून काढलं, की पत्रातल्या माणसाला ‘भाऊ’ म्हटलंय खरं, पण कोहेनला सख्खा भाऊ नव्हता, एक मोठी बहीण तेवढी होती. त्यामुळे तो धागा तुटला. मग साठच्या दशकाच्या अखेरीला कोहेन काही काळ सायंटॉलॉजीच्या वाटेला जाऊन आला होता, आणि गाण्यातला एक शब्दप्रयोग त्या पंथातल्या एका पायरीचं नाव आहे, हे निघालं. झालं, पुढचे दोन महिने तेच.

मला या वादांचा कधी कंटाळा आलेला नाही. ‘गाणं ऐका की, चिरफाड कशाला करता’ म्हणणारी एक-दोन माणसं प्रत्येक बैठकीत असतातच. त्यांना मी चहा देतो. गाण्याचा अर्थ काढत बसणं हा त्या गाण्याजवळ आणखी थोडा वेळ बसून राहण्याचा बहाणा आहे. जिव्हाळा नसेल तर माणूस अर्थ विचारत नाही, पुढचं गाणं लावतो.

पण आज वाद नको. आज नुसतं त्या रेनकोटाकडे बघू.

गंमत अशी, की तो रेनकोट खरा होता आणि तो दुसऱ्या कुणाचा नव्हे, कोहेनचाच होता. १९७५मध्ये निघालेल्या निवडक गाण्यांच्या तबकडीवर त्याने स्वतःच तसं लिहून ठेवलंय. १९५९मध्ये लंडनला घेतलेला बर्बेरीचा कोट. एलिझाबेथ नावाच्या मैत्रिणीला तो त्यात कोळी किड्यासारखा दिसायचा, आणि बहुधा म्हणूनच ती त्याच्याबरोबर ग्रीसला यायला तयार झाली नाही, अशी त्याची कोपरखळी. आतलं अस्तर काढून टाकल्यावर कोट अंगावर जास्त रुबाबदार पडू लागला. बाह्या विरल्या तेव्हा त्यांना चामड्याचे तुकडे लावून घेतले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये मारियान या जुन्या प्रेयसीच्या घरातून तो चोरीला गेला.

म्हणजे गाण्यात ज्याने घर मोडलं त्याच्या अंगावर गाणाऱ्याचाच कोट आहे. आमच्या बँकवाल्याने हे सांगितलं तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. मग हे पत्र कोण कोणाला लिहितंय? एकेकाळी जो होतो त्याला? की ज्याने आपलं नुकसान केलं त्याच्या अंगावर आपलेच कपडे दिसतात, असं काही?

इथे थोडं थांबा. उत्तर शोधू नका. त्याऐवजी तुमच्या ओळखीतल्या एखाद्या कपड्याची आठवण काढा. असा कपडा, की तो खुंटीवर दिसला की माणूस घरात आहे हे कळायचं. एखादा स्वेटर असेल, मफलर असेल, आईचं घरातलं पातळ असेल. सावकाश आठवा. रंग आधी येतो की वास?

मला वास आधी येतो. वडिलांचा डकबॅकचा रेनकोट. जून ते सप्टेंबर तो दाराआडच्या खुंटीवर असायचा. ओल्या रबराचा तो वास सगळ्या पुढच्या खोलीत भरून राही. खाली शहाबादी फरशीवर पाण्याचं थारोळं व्हायचं आणि त्यावर आई जुनं गोणपाट टाकायची. रिकामा असतानाही त्या कोटाच्या खांद्यांना वडिलांच्या खांद्यांचा बाक होता. डावा खांदा जरा खाली, सायकलच्या हँडलला लावलेल्या पिशवीमुळे असेल. वडील गेल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात तो कुणाला तरी देऊन टाकला. पुढे एकदा नाक्यावर एक माणूस तसाच कोट घालून पाठमोरा चालताना दिसला. तो तोच कोट होता का, मला माहीत नाही. मी दोन गल्ल्या त्याच्या मागून गेलो.

कोहेनच्या गाण्याचा माझ्यापुरता अर्थ हा आहे काय? नाही. त्याच्या गाण्यात बाप नाही, जुलै नाही, गोणपाट तर नाहीच. पण ते गाणं लागलं की मला रबराचा वास येतो, आणि ज्याच्या अंगावर तो कोट होता त्या पाठमोऱ्या अनोळखी माणसाबद्दल राग आणि माया एकदमच दाटून येतात. हे त्या पत्राच्या फार जवळचं आहे असं मला वाटतं. बैठकीत मात्र मी हे अजून बोललेलो नाही. तिथे पुरावा लागतो.

पुराव्याचंच म्हणाल तर खुद्द गाणाऱ्याने काय सांगितलं? १९९४मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत त्याला या त्रिकुटाबद्दल विचारलं. त्याचं म्हणणं असं पडलं, की आपण जिच्याबरोबर आहोत तिला कुणीतरी अदृश्य पुरुष आपल्यापासून भुलवून नेतोय, असं त्याला नेहमीच वाटत आलं. आता हा इथला माणूस हाडामांसाचा होता की निव्वळ मनातला, ते त्याला आठवत नाही. तेवीस वर्षं लोक ज्याचं नाव शोधत होते, त्याचा चेहरा लिहिणाराही विसरून गेला होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. आता त्यात एक मोकळेपणा वाटतो. खुंटी आहे, कोट आहे, खाली थारोळं आहे. माणूस मात्र निघून गेलाय, सगळ्यांच्याच हातून.

कोहेनच्या सगळ्याच गाण्यांत असं धुकं नसतं, आणि हेही ध्यानात ठेवायला हवं. ‘सुझान’ घ्या. कित्येकांना ते गाणं गूढाचा कळस वाटतं. नदी, संत्री, चहा, आणि मधल्या कडव्यात अचानक खलाशाच्या रूपात येशू. पण मॉन्ट्रियलच्या जुन्या बंदरात गेलात तर ते गाणं पायांनी चालत जाता येतं. सुझान व्हर्डाल ही नर्तकी, शिल्पकार आर्मां व्हायाँकूर यांची पत्नी, तिथे सेंट लॉरेन्स नदीजवळ राहायची. कोहेन तिच्याकडे जायचा. ती त्याला ‘कॉन्स्टंट कॉमेंट’ नावाचा चहा द्यायची. त्या चहात संत्र्याच्या सालीचे तुकडे असतात. आणि जवळच ‘नोत्र-दाम-द-बोन-सकूर’चं चॅपेल आहे, खलाशांचं. बंदराकडे तोंड करून वर मेरीचा पुतळा उभा आहे. समुद्रावरून सुखरूप आलेल्यांनी नवसाची म्हणून वाहिलेली छोटी छोटी जहाजं आत छताला टांगलेली आहेत. म्हणजे येशू तिथे खलाशांमध्येच राहतो. कवीने तो कल्पनेतून उचलून आणलेला नाही, तो वाटेत लागला.

कल्पना करा, त्या छताखाली तुम्ही मान वर करून उभे आहात. लाकडी जहाजं हवेत आहेत. हललीच तर अगदी किंचित. बाहेर नदी. ज्याला आपण प्रतीक-प्रतीक म्हणत होतो ते कुणाच्या तरी घरापासून काही पावलांवरचं देऊळ होतं, एवढंच मनात असू द्या. गाणं त्यामुळे लहान होतं का? मला तरी ते उलट जास्त खोल गेल्यासारखं वाटलं. नुसत्या शब्दांच्या जोरावर उभं केलेलं गूढ उकलल्यावर चोथा राहतो. इथे सगळा खुलासा हातात आला तरी ती जहाजं तरंगतच राहतात.

सगळं सांगून टाकण्यातही एक खोट असते. ‘चेल्सी हॉटेल’वरचं गाणं गायिका जॅनिस जॉप्लिनबद्दल आहे, हे कोहेननेच मंचावरून सांगून टाकलं. ती तेव्हा हयात नव्हती. पुढे त्याला त्याची खंत वाटली आणि त्याच बीबीसीच्या मुलाखतीत त्याने तिच्या स्मृतीची माफी मागितली. गाण्यातल्या बाईला नाव मिळालं आणि ते पुन्हा काढून घेता येईना. अर्थ विचारणाऱ्यांनी, म्हणजे आम्ही, हे लक्षात ठेवायला हरकत नाही. काही नावं विचारू नयेत.

आता जरा अवघड ठिकाणी जाऊ. मन तयार नसेल तर हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल.

‘डान्स मी टू द एंड ऑफ लव्ह’ हे १९८४चं गाणं. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात, बंगळुरूला, रिसेप्शनच्या वेळी ते वाजलं. नवरानवरी त्यावर नाचली, जरा अवघडत, पण छान. जगभर लोक या गाण्यावर लग्नात नाचतात. सुरुवातीलाच व्हायोलिनचा उल्लेख आहे आणि तो पेटलेल्या आगीच्या सोबतीने येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, प्रेमाची आग. कोहेनने नंतर सांगितलं, की नाझी छळछावण्यांमधल्या काही ठिकाणी दहनभट्ट्यांच्या बाजूला कैद्यांनाच वादन करायला बसवत, तिथून हे गाणं सुरू झालं. ज्यांचं तेच मरण होणार होतं, त्यांनी दुसऱ्यांच्या मरणाला साथ द्यायची.

त्या रात्री ते वाजत असताना मला हे माहीत होतं. माझ्या शेजारी बसलेल्या काकांना माहीत नव्हतं, ते टाळीने ठेका धरत होते. मी काय करायला हवं होतं? काकांना सांगायला? गुलाबजामाची वाटी हातात घेऊन मी गप्प बसलो आणि ती दोघं नाचताना पाहत राहिलो. मुलीच्या मेंदीचा रंग चांगला चढला होता. तिच्या पैंजणाची एक कडी निखळून फरफटत होती. त्या मुलीला काहीच माहीत नसण्यात मला तेव्हा एक प्रकारचं संरक्षण दिसलं, आणि मला माहीत असण्यात एक प्रकारची राखण.

कोहेनचं यावरचं मत उदार होतं. गाणं कुठून निघालं हे कुणाला ठाऊक असायलाच हवं असं नाही, म्हणायचा तो. शब्द खऱ्या उत्कटतेतून आलेले असले की ते दुसऱ्या कुठल्याही उत्कट प्रसंगाला कवेत घेतात. मला हे निम्मं पटतं. निम्म्यासाठी मी अजून थांबलोय. दोन्ही चित्रं एकदम डोळ्यांपुढे धरून पाहा, ती व्हायोलिनं आणि ती निखळलेली कडी. एकाने दुसऱ्याला पुसू देऊ नका. श्वास सोडा. जमलं नाही तर नाही.

यापुढची वाट आपल्या मुंबईतून जाते.

लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात कोहेन पाचेक वर्षं राहिला. १९९६मध्ये त्याने तिथे भिक्षूची दीक्षा घेतली. तरीही मन उदासच होतं. १९९९च्या सुरुवातीला मठ सोडून तो मुंबईला आला, रमेश बाळसेकरांकडे. बाळसेकर बँक ऑफ इंडियाचे माजी प्रमुख आणि निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराज खेतवाडीतल्या पोटमाळ्यावर मराठीत बोलत, आणि परदेशी पाहुण्यांसाठी त्याचं इंग्रजी करणाऱ्यांत बाळसेकर होते. पुढे गमाडिया रोडवरच्या त्यांच्या स्वतःच्या घरी रोज सकाळी सत्संग भरू लागला. कोहेन केम्प्स कॉर्नरच्या एका साध्याशा हॉटेलात उतरायचा, सकाळी सत्संगाला बसायचा, ब्रीच कँडीला पोहायला जायचा. पुढच्या काही वर्षांत तो पुन्हापुन्हा येत राहिला. त्याच सुमाराला त्याची आयुष्यभराची उदासी हळूहळू विरली. कशामुळे, ते आपल्याला सांगता येत नाही, असं तोच म्हणायचा.

बाळसेकरांच्या बोलण्याचा गाभा एवढाच, की गोष्टी घडतात, कर्ता कुणी नसतो. कीर्तनं ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं नाही, ‘कर्तेपण देवाकडे’ हे आपण जेवणाच्या पंगतीतही म्हणून टाकतो. पण गाणी लिहिणाऱ्या माणसाने हे मनावर घेतलं तर काय होत असेल? ज्या गाण्यांखाली त्याची सही आहे, ती त्याने केली नाहीत, ती झाली. मग त्यांचा अर्थ कोणाच्या मालकीचा?

हा प्रश्न सोडवायचा नाही. गमाडिया रोडच्या त्या खोलीत मागे बसलेला एक पासष्टीच्या घरातला माणूस डोळ्यांपुढे आणा. जगभर ज्याच्या ओळींचे अर्थ लावले जातायत, तो चपला बाहेर काढून दुसऱ्याचं बोलणं ऐकतोय. खिडकीतून गाड्यांचे हॉर्न.

आणि आता शेवटचं ठिकाण. हे मला फार उशिरा कळलं, म्हणजे सगळ्यांनाच उशिरा कळलं. ऑक्टोबर २०११, स्पेनमधलं ओव्हिएदो शहर. सत्त्याहत्तर वर्षांचा कोहेन अस्तुरियासचा पुरस्कार घ्यायला उभा आहे. त्याने आधी सांगितलं, की निघताना आपली स्पेनमध्ये बनलेली जुनी गिटार पेटीतून काढली आणि नाकाशी धरली. चाळीस वर्षांनंतरही देवदार लाकडाचा वास पहिल्या दिवसासारखा ताजा होता. मग त्याने तोवर जाहीरपणे कधी न सांगितलेली एक हकीकत सांगितली.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो मॉन्ट्रियलला आईच्या घरी आला होता. घराशेजारच्या बागेत, टेनिस कोर्टजवळ, एक तरुण स्पॅनिश मुलगा गिटार वाजवत होता. भोवती दोन-चार मुलंमुली. कोहेनला ते वाजवणं असं आवडलं की त्याने शिकवशील का विचारलं. दोघांची भाषा एक नाही. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये पैसे ठरले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा घरी आला, गिटार सुरात लावली, सहा कॉर्डचा एक क्रम वाजवून दाखवला. कोहेनला जमेना. मग त्याने कोहेनची बोटं धरून एकेक करून तारांवर ठेवली. तीन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी थोडंसं जमायला लागलं. चौथ्या दिवशी मुलगा आला नाही. तो राहायचा तिथे फोन लावल्यावर कळलं, त्याने आत्महत्या केली.

कोहेनला त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. स्पेनच्या कुठल्या भागातला, मॉन्ट्रियलला का आला, त्या बागेत त्या दिवशी का बसला होता. पण तेच सहा कॉर्ड, तेच बोटांचं वळण, आपल्या सगळ्या गाण्यांचा पाया आहे, असं त्याने सांगितलं.

आम्ही वर्षानुवर्षं शब्द उसवत बसलो होतो. सुझान कोण, मारियान कोण, रेनकोटवाला कोण. आणि या सगळ्यांच्या खाली, प्रत्येक गाण्यात, एक मुलगा बसून वाजवत होता. त्याच्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी सांगायला नाव नव्हतं.

आता ते रेनकोटचं गाणं पुन्हा लावा. आवाज पहिल्यापेक्षा थोडा कमी ठेवा. या वेळी पत्राकडे लक्ष देऊ नका. कोट, भाऊ, बाई, सही, सगळं येऊन जाऊ द्या, शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीतून येतं तसं. तुम्ही तारांवरून फिरणारी बोटं ऐका. एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसणारी. ती जागा त्यांना कुणीतरी हात धरून दाखवलेली आहे. गाणाऱ्याचा श्वास कुठे पडतो ते ऐका, आणि तो पडला तरी बोटं थांबत नाहीत तेही.

माझ्या घरी आत्ता पाऊस आहे. गाणं दुसऱ्या कडव्यापर्यंत आलंय. बाहेर जिन्यात कुणीतरी छत्री झटकतंय.